कुटुंबातील व्यक्तीस मजुरी

सोमवार, ३

ही वही वर्गाच्या बाईंनी घ्यायला लावली. रोजची जमा डावीकडे, रोजचा खर्च उजवीकडे, आणि महिनाभर खाडा नको. माझी आजची जमा एका ओळीत संपली. उरलेलं पान कोरं बघवेना म्हणून लिहितो आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत बुटक्या खुर्चीवर बसून कर म्हणजे काय ते शिकायची पाळी आली. त्या खुर्च्यांना कापड कुणी लावलंय त्याला एकदा भेटायचं आहे. एक कोपरा धड बसवलेला नाही.

पाळी आली ती हिशेबनिसामुळे. मी सोफे-खुर्च्या उसवतो, पट्टे ताणतो, स्पंज भरतो, नवं कापड चढवतो. कव्हरं आमची ही शिवते, बायको. कागदपत्रांचं मला पहिल्यापासून वावडं, म्हणून एकोणीस वर्षं सगळं त्याच्याकडे होतं. वर्षातून एकदा दुकानात यायचा, तो बोट ठेवील तिथे मी सही करायचो, मग ही करायची, चहा व्हायचा, की वर्षभराची कटकट मिटली. आता त्याला दिसेनासं झालंय. तो मुलीकडे राहायला गेला आणि आमच्या फायली दोन खोक्यांत भरून पाठवून दिल्या. त्याच आठवड्यात कर कार्यालयाचं पत्र आलं. या ३१ तारखेच्या आत विवरणपत्र भरा. शिवाय मागच्या तीन वर्षांत ‘कुटुंबातील व्यक्तीस दिलेल्या मजुरी’चा पुरावा जोडा, नाहीतर दंड.

वाचून मला हसूच आलं. कुटुंबातल्या कुणाला मी मजुरी देतच नाही. त्यांचाच काहीतरी घोळ. हिला वाचून दाखवलं तर मशीन थांबवून म्हणाली, “किती दिली म्हणून लिहिलंय?”

“आकडा नाही लिहिलेला. दिलीच नाही तर आकडा कुठून येणार?”

“बरोबर आहे,” म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. त्यानंतर दोरा दोनदा तुटला. मशीनला तेल घालायला हवं.

गुरुवार, ६

आज उत्पन्न म्हणजे काय ते झालं. बाई तीस वर्षं कर कार्यालयात होत्या, त्यामुळे त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत. वर्गात आम्ही नऊ जण. माझ्या शेजारी बेकरीवाला बसतो, तो येताना पिठासकट येतो.

धंद्याची सगळी जमा, त्यातून धंद्याचा खर्च वजा, उरलं ते उत्पन्न. कापड, स्पंज, दुकानाचं भाडं, दिलेली मजुरी हे वजा होतं. घरचा किराणा होत नाही. मी म्हटलं, “बाई, पोटात काही नसेल तर हातोडी कशी उचलणार?” बाई म्हणाल्या, “ते सगळ्यांनाच लागू आहे, म्हणून कुणालाच सूट नाही.”

मग मी माझी जुनी शंका विचारली. सोफा उसवला की आत नाणी सापडतात. मी ती बरणीत टाकतो. वर्षाकाठी बरणी भरते. तर हे उत्पन्न धरायचं का?

“गिऱ्हाइकाला सांगता का, नाणी सापडली म्हणून?”

“चिल्लर तर असते. कशाला सांगायचं?”

“मग उत्पन्नाचं नंतर बघू. ज्याचे पैसे आहेत त्याला ते कळू दे की आधी.” सगळा वर्ग हसला. बेकरीवाला तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता.

जेवताना हिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आणि मला पगार किती आहे हो?” मी म्हटलं, “अख्खं दुकान तुझं. मालकिणीला कसला पगार?” ती हसली. बऱ्याच दिवसांनी थट्टेच्या मूडमध्ये दिसली, बरं वाटलं.

सोमवार, १०

बाईंनी आठवडाभराची सगळी बिलं गोळा करून आणायला सांगितली होती. माझ्याकडे एकही नव्हतं. हिच्या डब्यात सत्तावीस निघाली. दोरे, सुया, चेन, साबण, फोनचं बिल, माझ्या गुडघ्याचं मलम. प्रत्येकाच्या तळाशी कराची एक ओळ. इतकी वर्षं मी ती ओळ पाहिलीच नव्हती.

त्याआधी मी वर्गात छातीठोकपणे सांगून बसलो होतो की आमच्याकडे कर फक्त मी भरतो, बायको भरत नाही. बाईंनी ती सत्तावीस बिलं मला उभं करून मोठ्याने वाचायला लावली. “आता सांगा,” म्हणाल्या, “कोण भरत नाही?”

घरी आल्यावर हिला म्हटलं, “तूही कर भरतेस बरं का. रोज.”

“हो? मला वाटलं मी कुठेच नाहीये.” एवढंच बोलली आणि बिलं पुन्हा डब्यात लावून ठेवली.

ही हल्ली जरा गप्प असते. मागच्या महिन्यात एकदा चांगले बूट घालून, पर्स घेऊन बँकेत जाऊन आली, तेव्हापासून. त्या दिवशी दुपारी तिने एक कव्हर उलटं शिवलं. एकोणतीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. आणि परवा शेजारच्या बंद गाळ्याची काच पुसत होती. घड्याळवाला गेल्यापासून तो रिकामा आहे, मालकाने ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावली आहे. दुसऱ्याच्या गाळ्याची काच कशाला पुसायची? तर म्हणे तिथली धूळ आपल्या कापडावर येते. हेही खरंच.

गुरुवार, १३

आज जे कळलं त्याने जेवण गेलं नाही.

विषय होता टप्पे. बाईंनी फळ्यावर कपाट काढलं, तीन खणांचं. पैसा आधी खालच्या खणात भरायचा. त्या खणाला कर नाही. तो भरला की पुढचा पैसा दुसऱ्या खणात, त्याला कमी दर. तोही भरला की वरचा खण, त्याला जास्त दर. पण जास्त दर फक्त वरच्या खणातल्या पैशाला. खालचे दोन खण जिथल्या तिथे.

मी हात वर करून विचारलं, “म्हणजे वरच्या टप्प्यात गेलो तर सगळ्याच कमाईवर जास्त कर नाही?”

“नाही. असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

चार वर्षांपूर्वी शाळेच्या सभागृहातल्या एकशे वीस खुर्च्यांचं काम चालून आलं होतं. हिशेबनीस म्हणाला, वरच्या टप्प्यात जाल. मी समजलो सगळ्याच कमाईला कात्री लागणार, आणि काम नाकारलं. ही दोन दिवस माझ्याशी भांडली होती. म्हणत होती, काम जास्त केलं तर पैसे कमी कसे होतील, कागदावर मांडून दाखवा. मी म्हणालो होतो, तुला त्यातलं कळत नाही.

हिला अजून सांगितलेलं नाही. सवडीने सांगेन.

मंगळवार, १८

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून खोकी उघडली. हिशेबनिसाचं अक्षर मोत्यासारखं. कापड, स्पंज, भाडं, वीज. आणि खाली एक ओळ: मजुरी, पत्नी, नव्वद हजार.

आधी वाटलं दुसऱ्याची फाईल आली. मग त्याच्या आधीचं वर्ष काढलं, त्यातही तेच. त्याच्याही आधीचं. अकरा वर्षं. प्रत्येक वर्षाला एक पावती, ‘मजुरी रोख मिळाली’, खाली हिची सही. आणि हिच्या नावाचं वेगळं विवरणपत्र. उत्पन्न नव्वद हजार, कर शून्य, कारण एक लाखाच्या आत कर नाही. तिथेही हिची सही.

मजुरी म्हणून एक दमडी मी हिला कधी दिलेली नाही. लागतील तसे गल्ल्यातून घेते, मला सांगून.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहितो. मला अजिबात माहीत नव्हतं असं नाही. अकरा वर्षांपूर्वी हिशेबनीस म्हणाला होता, “घरातल्या घरात एक खर्च दाखवू या, तुमचा कर उतरेल.” मी म्हटलं होतं, “दाखवा की.” एवढंच. पुढे विसरून गेलो. विसरणं सोपं होतं, कारण कर खरंच उतरला होता.

बुधवार, १९

बेकरीवाल्याला गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, यात रडण्यासारखं काय आहे? पत्रासोबत एक छापील जबाब आला आहे, ‘वरील मजुरी मला प्रत्यक्ष मिळाली’. वहिनींची तीन वर्षांसाठी तीन ठिकाणी सही घ्यायची, पाकिटात घालायची, काम फत्ते. घरचंच माणूस आहे, परक्याकडे थोडंच जायचंय?

मला पटलं. चहाच्या वेळी तो कागद हिच्या मशीनवर ठेवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं नाही. “ठेवा तिथे,” म्हणाली. “वाचून सांगते.”

“वाचायचं काय त्यात? नेहमीचंच आहे.”

“म्हणूनच,” म्हणाली.

शनिवार, २२

तीन दिवस तो कागद कात्रीखाली पडून होता. ती त्याच्या बाजूने कापड कापत होती. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. आज दुकान बंद करायच्या आधी ती आपणहून बोलली. जसं बोलली तसं लिहून ठेवतो.

“शेजारचा गाळा घ्यायचा माझ्या मनात होतं. पडदे, उशा, गाद्यांचे अभ्रे. लोक विचारतात, तुम्ही नाही म्हणता. अनामतीचे पैसे नव्हते म्हणून बँकेत गेले. वाटलं, विचारून तर बघू. तिथल्या माणसाने माझं नाव कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि म्हणाला, वा, अकरा वर्षं नियमित उत्पन्न आहे तुमचं. मी म्हटलं, दुसरी कुणी असेल. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. माझंच नाव, आपलाच पत्ता. मग म्हणाला, सगळे मिळून दहा लाखांच्या आसपास होतात बाई, शिल्लक काहीच दिसत नाही. कशावर खर्च केलेत?”

मी हातोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“मागे रांग होती हो. सगळे ऐकत होते. मी म्हटलं, घरात लागले. तो माणूस असा बघत होता जसं काही मी उधळून टाकलेत.”

“त्या दिवशीच का नाही बोललीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. पत्र आलं तेव्हा वाटलं आता सांगाल. तुम्ही हसलात. मग पगार विचारला, तेव्हाही हसलात.”

मी म्हटलं, मला तेव्हा आठवत नव्हतं. आणि ते खरं होतं. पण तोंडातून निघाल्यावर ऐकायला फार वाईट वाटलं.

“सही केली तर तुझंही भलंच आहे,” मी शेवटचा प्रयत्न केला. “कागदावर उत्पन्न राहील, बँक कर्ज देईल. नाही केलीस तर ते पुसलं जाईल.”

“कळतंय मला. कागद तीन दिवस वाचतेय. पण सही केली म्हणजे मी पैसे घेतले आणि कुठे घातले ते मलाच ठाऊक नाही, असं होतं. तेवढं मी लिहून देणार नाही. गाळा गेला तर गेला.”

आम्ही कुलूप लावून घरी आलो. वाटेत ती शेजारच्या काचेकडे न बघता चालली. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सोमवार, २४

वर्ग सुटल्यावर बाईंना थांबवलं. सरळ विचारलं, माझ्या ओळखीच्या एकाने बायकोला मजुरी दिली असं दाखवलं, पण दिलीच नाही. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ओळखीचा कोण ते त्यांना कळलं असावं.

“दिली नसेल तर तो खर्च नाही,” म्हणाल्या. “खर्च काढून टाकायचा, तेवढं उत्पन्न वाढतं, त्यावरचा कर आणि व्याज भरायचं. आपणहून पत्र लिहिलं तर दंडाचं बघतात. आणि पुढे द्यायची असेल तर खरी द्यायची. हातात.”

ग्रंथालयाच्या जिन्यावर बसून हिशेब केला. तीन वर्षांचा कर, व्याज धरून, एकसष्ट हजार. मी कॉम्प्रेसरसाठी चौसष्ट साठवले होते. हवेवर चालणारी पिनांची बंदूक घ्यायची होती, मनगट आता साथ देत नाही. ते गेले. आणि हिच्या नावावरची तीन वर्षं कोरी होणार, म्हणजे बँकही गेली. खरं बोलण्यात दोघांचंही नुकसान होतं. बेकरीवाल्याच्या वाटेने गेलो असतो तर दोघांचाही फायदा होता. हे जिन्यावर बसून दहा वेळा उलटसुलट केलं. दर वेळी बँकेतली ती रांग डोळ्यांपुढे यायची.

शुक्रवार, २८

भरलं. विवरणपत्रही, पत्रही, एकसष्ट हजारही. पत्र मी लिहिलं, हिने दोन ठिकाणी दुरुस्त केलं. मी लिहिलं होतं, ‘हिशेबनिसाच्या नजरचुकीने’. तिने ते खोडायला लावलं. “त्या बिचाऱ्यावर कशाला ढकलता? विचारून केलं होतं ना त्याने?” तेव्हा ‘माझ्या संमतीने’ असं लिहिलं.

एवढं झाल्यावर म्हटलं आता उरलेलंही सांगून टाकू. कपाट काढून दाखवलं, तीन खण, आणि शाळेच्या खुर्च्यांचं सांगितलं. “तुझं बरोबर होतं. मला त्यातलं कळत नव्हतं.”

मला वाटलं चिडेल. ती कपाटाकडे बघत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मग बिलांच्या डब्यातून एक कार्ड काढलं. शाळेच्या कार्यालयाचा नंबर, चार वर्षं जपून ठेवलेला. लगेच फोन लावला. त्या खुर्च्यांना अजून कुणी हात लावलेला नाही.

मंगळवार, १

नवा महिना. सकाळी गल्ल्यातून साडेसात हजार मोजून पाकिटात घातले, पावती लिहिली आणि तिच्या मशीनवर ठेवली. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

तिने पावती वरपासून खालपर्यंत वाचली. “हा आकडा कुणी ठरवला?”

“नव्वद भागिले बारा.”

“म्हणजे हिशेबनिसाने. एक लाखाच्या खाली राहावा म्हणून.” पाकीट परत सरकवलं. “मला पगार नको. एका कव्हराचे किती, गोटाचे किती, बटणाचे किती, ते मी ठरवीन आणि बिल देईन. शाळेच्या कामापासून सुरू.”

“घरातल्या घरात बिल?”

“घरातल्या घरातच तर सगळं झालं ना आतापर्यंत.”

दुपारी तिने दर लिहून दिले, तेव्हा गावातल्या दुसऱ्या सोफेवाल्याला फोन करून, उगाच आपलं म्हणून, बाहेरून कव्हर शिवून घ्यायला तो किती देतो ते विचारलं. हिचे दर त्याच्यापेक्षा थोडे कमी होते. मग गेल्या महिन्यात हिने शिवलेली कव्हरं त्या दराने मांडून पाहिली. महिन्याच्या कमाईत तिचे पैसे माझ्यापेक्षा जास्त झाले. दोनदा मांडले.

शुक्रवार, ६

मध्ये दोन महिने वहीला हात लावला नाही. एकशे वीस खुर्च्या म्हणजे गंमत नाही. मनगटाला पट्टा बांधून पिना ठोकल्या. वरचा खण थोडा भरला, त्याचा कर बाजूला काढून ठेवला. हिचे पैसे तिच्या खात्यात गेले, त्यातून तिने अनामत भरली. घड्याळवाल्याच्या गाळ्यात आता तिचं मशीन आहे. दोन दुकानांच्या मध्ये एक भिंत आहे आणि तिच्यातून मशीनचा आवाज येतो. माझ्या दुकानात हातोडी सोडून दुसरा आवाज नाही. सवय व्हायची आहे.

आज एका गिऱ्हाइकाचा दोनाचा सोफा उसवला. आत पाच नाणी आणि एक कानातलं निघालं. पाकिटात घालून वर गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं. हल्ली तसंच करतो. मग माप आणि कापड घेऊन शेजारी गेलो. दारात थांबून टकटक केली. का केली कोण जाणे. संध्याकाळी कव्हर तयार होतं, बारा बटणं, कडेने गोट, कुठे सुरकुती नाही. वर बिल ठेवलेलं.

मी सवयीने पेन काढलं. ती म्हणाली, “वाचा आधी.”

वाचलं. सगळ्यात वर तिचं नाव, छापलेलं. मी ते असं छापलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्याखाली शिलाई, गोट, बटणं. सगळ्यात शेवटी कराची वेगळी ओळ.

“माझ्याकडूनही कर घेणार?”

“तुम्ही गिऱ्हाईक आहात.”

बेरीज करून पाहिली, बरोबर होती. मी सही केली आणि पैसे मोजून तिच्या हातात दिले. तिनेही मोजले, पावती फाडून दिली, आणि म्हणाली चला, घरी जाऊ या, उशीर झाला.

वहीत उजव्या बाजूला लिहिलं: शिलाई, चार हजार दोनशे, अधिक कर. दिली.